पत्ता लिहावा की वाट सांगावी?

(द्वितीय वर्ष कला)

पाकिटावर आपण पत्ता लिहितो. मु. पो. अमुक, तालुका तमुक, जिल्हा अमका, आणि खाली पिनकोडचे सहा आकडे. पोस्टमनने कोणत्या एस.टी.त बसावे, फाट्यावर उतरून किती चालावे, पारापासून उजवीकडे वळावे की डावीकडे, हे आपण लिहीत नाही. ते त्याचे त्याला ठाऊक असते. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला तर तो दुसऱ्या वाटेने येतो. पत्ता तोच राहतो. याउलट नवखा पाहुणा घरी यायचा असला म्हणजे आपण त्याला वाट सांगतो. फाट्यावर उतर, पिठाच्या गिरणीचा आवाज येईल तिथपर्यंत सरळ ये, मग डावीकडची बोळ धर. आणि नेमकी त्या दिवशी वीज नसल्यामुळे गिरणी बंद असली, की पाहुणा चुकलाच म्हणून समजावे.

मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर आपण जी पाने रोज उघडतो (निकालाचे पान, प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज) तीही अशाच दोन रीतींनी लिहिलेली असतात. एक रीत खुणांची. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही जन्मतारखेची चौकट आहे आणि ती भरल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये, एवढेच टोकदार कंसांत लिहायचे. या खुणांना टॅग म्हणतात. ते कसे दाखवायचे, कसे वाचून द्यायचे, हे पान उघडणाऱ्या ब्राउझरने पाहायचे. दुसरी रीत आज्ञांची. बोट अमक्या ठिकाणी टेकले की तमके तपास, मग ते पुसून हे लिही, मग सर्व्हरकडून यादी आण, आली की येथे ओत. ही झाली स्क्रिप्ट. पहिली रीत पत्त्याची, दुसरी वाटेची.

आता या विषयात कला शाखेच्या विद्यार्थ्याने नाक खुपसण्याचे कारण काय, असे आमचे प्राध्यापक विचारतील. कारणे दोन आहेत. संध्याकाळी तीन तास मी गावातल्या एका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर बसतो. त्यामुळे ही पाने मी इतरांपेक्षा जरा अधिक पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे हताश होऊन बसलेली माणसेही पाहिली आहेत. दुसरे कारण म्हणजे मराठी विभागाच्या भित्तिपत्रकाचे जे पान गेल्या वर्षी संगणकावर आले ते मी तयार केले होते, आणि ते फार वाईट होते. त्याविषयी पुढे लिहीनच.

टॅगांचे मूळ छापखान्यात आहे हे कळले तेव्हा मला मोठी मौज वाटली. पूर्वी संपादक हस्तलिखितावर रंगीत पेन्सिलीने खुणा करी, 'हा मथळा', 'हे ठळक', 'येथे नवा परिच्छेद', आणि जुळारी त्याप्रमाणे खिळे जुळवी. हीच कल्पना १९६९ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी संगणकात आणली. त्यांनी एक महत्त्वाचा फरक केला. 'हे ठळक टाइपात छाप' असे लिहिण्याऐवजी 'हा मथळा आहे' असे लिहावे. ठळक करायचे की मोठे करायचे हे नंतर ठरेल. त्यातूनच पुढे १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, आणि त्यांनी जी खुणांची भाषा घडवली, एचटीएमएल, तिचे अनेक टॅग याच घराण्यातले होते. १९९१ च्या पहिल्या यादीत अवघे अठरा-एक टॅग होते. आज ते शंभरावर आहेत.

स्क्रिप्ट त्या मानाने धाकटी. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला, असे सांगतात. पुढे तिचे नाव जावास्क्रिप्ट पडले. पानाचे रंगरूप सांगणारी सीएसएस ही तिसरी भाषा १९९६ मध्ये मान्य झाली. तिच्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही.

धाकटीने थोरलीला घराबाहेर काढावे असा प्रकार गेल्या काही वर्षांत झाला आहे, आणि तो मला मान्य नाही. तेच सांगण्यासाठी हा प्रपंच.

गेल्या पावसाळ्यात केंद्रावर बारावी झालेली एक मुलगी आपल्या आईला घेऊन शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. अर्ज कोणत्या योजनेचा होता ते येथे सांगण्याचे कारण नाही. त्यात आधी जिल्हा निवडायचा, मग स्क्रिप्टने तालुक्यांची यादी आणायची, तालुका निवडला की गावांची यादी आणायची, अशी रचना होती. त्या दिवशी पाऊस होता आणि नेट रांगत होते. जिल्हा निवडला; तालुक्याची चौकट रिकामीच. पुन्हा निवडला, पुन्हा रिकामी. खाली तांबड्या अक्षरांत 'तालुका निवडा' असा हुकूम मात्र तत्परतेने उमटला. पान नव्याने उघडले तर आधी भरलेली सतरा उत्तरे पुसली गेली. असे तीनदा झाले. मुलीची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "आमचंच काही तरी चुकलं असंल का रं बाळा?"

आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. त्यामुळे हे वाक्य माझ्या पुरेपूर ओळखीचे आहे. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, काहीही अडले की आमची माणसे पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतात. "मावशी, तुमचं काही चुकलं नाही," असे मी म्हणालो खरा, पण अर्ज काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. त्या दोघी पुन्हा आल्या, अर्ज गेला, आणि दोघींचा दोन-दोन दिवसांचा रोज बुडाला.

त्या रात्री मी एक हिशेब केला. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके ३५८. ही सगळी नावे देवनागरीत, जिल्हावार गट करून, टॅगांनीच पानात लिहून ठेवली तर किती जागा लागेल? देवनागरीचे एक चिन्ह साठवायला साधारणतः तीन बाइट लागतात. नाव सरासरी सहा-सात चिन्हांचे धरले आणि टॅगांची अक्षरे त्यात मिळवली, तर सगळी यादी पंधरा किलोबाइटांच्या आसपास बसते. त्या पानाच्या माथ्यावर जो मोठा रंगीत फलक होता, त्याच्यापुढे हे काहीच नव्हे. यादीतील नावांचे गट पाडण्यासाठी एचटीएमएलमध्ये 'ऑप्टग्रुप' नावाचा टॅग कितीतरी वर्षांपासून आहे. जिल्ह्याचे नाव शीर्षक म्हणून आणि खाली त्याचे तालुके. पान एकदा उघडले की यादी हाती आली. मग नेट गेले तरी ती कोठे जात नाही. अर्ज बनवणाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या टेबलावर नेट कधीच रांगत नसावे.

मात्र हाच न्याय गावांच्या यादीला लावता येत नाही. राज्यातील गावे चाळीस हजारांवर आहेत. ती सगळी एका पानात कोंबली तर पान उघडेपर्यंत चहा निवेल. तेथे तालुका कळल्यावर तेवढीच गावे मागवणारी स्क्रिप्ट हवी. आणि ती आली नाही तर गावाचे नाव हाताने लिहिता येईल अशी साधी चौकट हवी. म्हणजे एकाच अर्जात, एकाखाली एक असलेल्या दोन चौकटींपैकी पहिली टॅगची आणि दुसरी स्क्रिप्टची. समतोल हा शब्द मी या अर्थाने वापरतो. निम्मे-निम्मे वाटून घेणे मला अभिप्रेत नाही. प्रत्येक चौकटीपाशी थांबून विचारावे लागते की येथे नुसते सांगून भागते का.

आता माझ्या अपराधाकडे वळतो.

सुट्टीत मी तालुक्याच्या गावी तीन महिन्यांचा एक वर्ग केला होता. त्यात टॅगांना एक आठवडा मिळाला आणि उरलेला काळ स्क्रिप्टला. टॅग हे बालवाडीतले, खरे शिक्षण स्क्रिप्टपासून पुढे, अशी तेथील हवा होती, आणि ती मला मानवली. वर्गातून परत आलो तो भित्तिपत्रकाचे पान डोक्यात घेऊनच. कविता, लेख, स्नेहसंमेलनाची चाळीस छायाचित्रे, सगळे काही मी स्क्रिप्टच्या पोटात भरले. पान उघडले की आधी कोरे. मग स्क्रिप्ट येणार, ती एकेक कविता बाहेर काढून मांडणार, 'पुढचे पान' वर बोट टेकले की कविता सरकत जाणार आणि दुसरी सरकत येणार. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. आठवडाभर मी जमिनीवर नव्हतो.

आमच्याच विभागात तृतीय वर्षाला एक दादा आहेत. त्यांना दिसत नाही. ग्रंथालयातील एका संगणकावर एनव्हीडीए नावाचा कार्यक्रम बसवून घेतला आहे. तो पडद्यावरचे वाचून दाखवतो आणि दादा कळफलकावरून काम करतात. (हा कार्यक्रम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध प्रोग्रॅमरांनी त्याचे काम २००६ साली सुरू केले.) मी मोठ्या हौसेने त्यांना म्हणालो, "दादा, आपले भित्तिपत्रक ऐका." ते टॅबची कळ दाबत गेले. टॅबने माणूस एका बटणावरून पुढच्या बटणावर, एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर जातो. माझ्या पानावर टॅब कोठेच थांबेना. मग त्यांनी बाणाच्या कळांनी ओळ-ओळ वाचायला घेतली. 'पुढचे पान' हे शब्द त्यांच्या कानी पडले, पण हे बटण आहे असे काही यंत्र म्हणाले नाही. ते दोन मिनिटे गप्प बसले आणि म्हणाले, "पहिली कविता छान आहे रे. एवढीच आहे का?"

एकूण बावीस कविता होत्या.

माझे बटण म्हणजे बटण नव्हतेच. एचटीएमएलमध्ये 'डिव' नावाचा एक टॅग आहे, त्याचा अर्थ नुसता 'एक भाग' एवढाच. त्याला मी निळा रंग दिला, कडा गोल केल्या, खाली सावली टाकली आणि बोट टेकल्यावर काय करायचे ते स्क्रिप्टमध्ये लिहिले. दिसायला हुबेहूब. स्नेहसंमेलनाच्या नाटकात पुठ्ठ्याचे दार असते ना, तसे. प्रेक्षकांतून पाहिले तर दार, जवळ जाऊन कडी चाचपली तर पुठ्ठा.

खरा 'बटन' टॅग लिहिला असता तर काय मिळाले असते ते नंतर मी मोजून पाहिले. टॅबची कळ त्यावर आपोआप थांबते. थांबल्यावर भोवती चौकट उमटते, म्हणजे आपण कोठे आहोत ते कळते. एंटर दाबा किंवा स्पेस दाबा, दोन्हींनी ते चालते. वाचून दाखवणारा कार्यक्रम 'पुढचे पान, बटण' असे स्पष्ट सांगतो. पानावरील सर्व बटणांवरून एकामागून एक उड्या मारायच्या तर तीही सोय असते. काही काळ बंद ठेवायचे तर एक शब्द पुरतो, आणि ते बंद आहे हेही ऐकू येते. अर्जात असेल तर अर्ज सर्व्हरकडे पाठवणे त्याला उपजतच येते, स्क्रिप्ट असो वा नसो. ही सगळी कमाई एका टॅगची, आणि त्यासाठी मला एक ओळही जादा लिहावी लागली नसती. हेच गुण 'डिव' च्या अंगी आणायचे तर टॅबच्या रांगेत त्याचे नाव घाला, मी बटण आहे अशी पाटी त्याच्या गळ्यात अडकवा, एंटरसाठी वेगळी आज्ञा, स्पेससाठी वेगळी आज्ञा, आणि स्पेस दाबल्यावर पान खाली सरकू नये म्हणून आणखी एक. एवढे करूनही काहीतरी राहतेच. जी माणसे ब्राउझर बनवतात त्यांनी तीस वर्षे खपून जे एका शब्दात बांधून ठेवले आहे, ते मी एका रात्रीत पुन्हा बांधायला निघालो होतो, आणि तेही अर्धेच.

टॅग लिहिला की भार ब्राउझरवर पडतो. स्क्रिप्ट लिहिली की तो वाचणाऱ्याच्या फोनवर पडतो. ती स्क्रिप्ट त्याच्या डेटा पॅकमधून उतरते, त्याच्या फोनच्या मेंदूत शिजते, त्याची बॅटरी खाते. पंधरा हजारांच्या फोनवर ते जाणवत नाही. जुन्या, काच तडकलेल्या फोनवर चांगलेच जाणवते. शिवाय दोघींचा स्वभाव वेगळा. ब्राउझरला एखादा टॅग समजला नाही तर तो टॅग ओलांडून आतला मजकूर तसाच दाखवतो. स्क्रिप्टमध्ये एक कंस लावायचा राहिला की ती सबंध फाईल अडून बसते, आणि जे काही तिच्या हाती सोपवले होते ते सगळे तिच्याबरोबर अडते.

कोणी म्हणेल, हल्ली स्क्रिप्ट न चालणारा फोन आहे कोणाकडे? ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांचे काम पाहणाऱ्या विभागाने २०१३ साली हीच मोजदाद केली. ज्यांच्यापर्यंत स्क्रिप्टची करामत पोहोचली नाही असे १.१ टक्के निघाले, म्हणजे ९३ जणांत एक. विशेष असे की स्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवलेले किंवा मुळातच ती न चालणारे यांत फक्त ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्क्यांच्या ब्राउझरांत ती चालायला हवी होती, पण चालली नाही. कोणाचे नेट मध्येच तुटले असेल, कोणाच्या कचेरीच्या जाळ्यात ती अडली असेल. ही ब्रिटनची कथा. आमच्या केंद्रावरच्या पावसाळी संध्याकाळची मोजदाद कोणी केलेली नाही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी राहतो. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याच्याशी दोन रात्री भांडलो. त्याचे म्हणणे पूर्णपणे टाकण्यासारखे नाही, म्हणून येथे देतो. तो म्हणाला, "नुसत्या पत्त्यावर जग चालत असते तर वाटाड्यांचा धंदा बसला असता. तू रोमन अक्षरांत 'माझे' लिहितोस आणि पडद्यावर देवनागरी उमटते, ते कोणत्या टॅगने होते ते दाखव." मी निरुत्तर झालो. ते स्क्रिप्टचेच काम. नकाशा बोटाने सरकवणे तिचेच. आणि ज्या सतरा उत्तरांवर त्या दिवशी पाणी पडले, ती नेट गेले तरी फोनमध्येच जपून ठेवायची आणि पान पुन्हा उघडल्यावर जागच्या जागी भरून द्यायची, हेही स्क्रिप्टच करू शकते. हे त्याने सांगितले तेव्हा माझा राग थोडा निवळला. त्या अर्जात जेथे स्क्रिप्ट नको होती तेथे ती होती आणि जेथे हवी होती तेथे ती नव्हती.

टॅगही काही संत नव्हेत. एका अर्जात मराठीतून नाव लिहायच्या चौकटीला वीस अक्षरांची मर्यादा घातलेली होती. ही मर्यादा टॅगमध्येच एका शब्दाने घालता येते. पण टॅगच्या हिशेबी अक्षर म्हणजे काय? 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण ज्ञा-ने-श्व-र असे चार अक्षरी मोजतो. यंत्र ज, हलन्ताची खूण, ञ, काना, न, मात्रा असे एकेक सुटे करून दहा मोजते. मग वडिलांचे नाव आणि आडनाव कोठे बसवायचे? आपल्या कानाला पटेल असे अक्षर मोजायचे तर तेथे स्क्रिप्टच लिहावी लागते. (किंवा मर्यादाच सैल ठेवावी, हे सर्वांत बरे.)

उलट दिशेचा अतिरेकही झालेला आहे. टॅगांवर प्रेम इतके जडले की काही भाषांत 'जर असे असेल तर', 'प्रत्येकासाठी हे कर' या आज्ञासुद्धा टॅगांनीच लिहायची सोय झाली. १९९९ मध्ये मान्य झालेली एक्सएसएलटी ही त्यातलीच. मी तिचा एक नमुना पाहिला. साधी बेरीज-वजाबाकी आणि दोन अटी टोकदार कंसांच्या जंगलात अशा हरवल्या होत्या की शोधून सापडेनात. पाकिटावरच्या पत्त्याच्या जागी कोणी 'पूल बुडाला असल्यास अमुक, नसल्यास तमुक' असे लिहू लागला तर त्याला पत्ता म्हणता येणार नाही. जेथे खरोखर वाट सांगायची आहे तेथे ती सरळ वाट म्हणूनच सांगावी.

माझ्या मित्राने शेवटी रिअ‍ॅक्टचे नाव काढले. फेसबुक कंपनीने २०१३ साली ही सामग्री सर्वांसाठी खुली केली आणि आज कितीतरी पाने तिच्यावर बांधली जातात. "यात टॅग आणि स्क्रिप्ट एकाच ताटात जेवतात, तुझे भांडण जुने झाले," असे तो म्हणाला. मी तेही थोडेफार वाचून पाहिले. गंमत अशी की रिअ‍ॅक्टचा विचार पत्त्याच्याच बाजूचा आहे. 'आधी हे पूस, मग ते लिही' असे सांगण्याऐवजी 'माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा' असे त्यात लिहितात, आणि लिहितानाही टॅगांसारखेच लिहितात. लिहिणाऱ्याची त्यात सोय आहे यात शंका नाही. पण लिहिणाऱ्याने काय लिहिले यापेक्षा वाचणाऱ्याच्या फोनवर काय उतरले हे मला महत्त्वाचे वाटते. पुष्कळदा तेथे उतरते ते एक रिकामे 'डिव' आणि त्यामागून येणारा स्क्रिप्टचा ढीग. ढीग पोहोचेपर्यंत पान कोरे. तयार मजकूर सर्व्हरवरूनच पाठवून स्क्रिप्ट नंतर जोडण्याची रीतही त्यात आहे, हे मित्राने कबूल केले. मग ती सक्तीची का नाही, या माझ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. लाइट घालवला आणि झोपला.

२००६ साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या तांत्रिक मंडळाने एक तत्त्व लिहून काढले: काम भागवू शकेल अशांपैकी सर्वांत कमी ताकदीची भाषा निवडावी. ताकद कमी म्हणजे भाषा हलकी, असा आमच्या वर्गातील समज होता. या तत्त्वात तो उलटा केला आहे. नुसते सांगून थांबणारी भाषा असली की सांगितलेले कोणीही आपल्या सोयीने वापरू शकतो. फोन त्याची तारखेची चौकट दिनदर्शिकेसारखी उघडतो, दादांचा संगणक तीच वाचून दाखवतो, शोधयंत्र तिची नोंद घेते. आज्ञांची भाषा असली की ती चालवून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. मराठीच्या तासाला आपण वाक्यांचे विधानार्थी आणि आज्ञार्थी असे प्रकार पाठ करतो, पण त्यांचा असा परिणाम असेल असे मला कधी वाटले नव्हते.

माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या महाविद्यालयात संगणकाचा जो लहान अभ्यासक्रम आहे, त्यात टॅगांना एका आठवड्याऐवजी निदान महिना मिळावा. मुलांनी केलेले पान परीक्षकाने एकदा स्क्रिप्ट बंद करून उघडावे, एकदा माउस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकाने चालवावे, आणि मग गुण द्यावेत. यासाठी कोणतीही खरेदी करावी लागत नाही. महाविद्यालयाचा स्वतःचा प्रवेश अर्जसुद्धा याच कसोटीला लावावा, असे सुचवण्याचे धाडस करतो.

भित्तिपत्रकाचे पान मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लिहिले. बावीसही कविता आता टॅगांत आहेत. नेट मध्येच गेले तरी जेवढे उतरले तेवढे वाचता येते. 'पुढचे पान' आता साधा दुवा आहे. कविता सरकत जाण्याची करामत स्क्रिप्टकडेच ठेवली आहे, कारण ती मला अजूनही आवडते. पण ती नसली तरी कोणाचे काही अडत नाही. दादांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या कविता ऐकल्या. तीन कविता चांगल्या आहेत, चार बऱ्या आहेत, बाकीच्यांविषयी न बोललेले बरे, असा अभिप्राय दिला. मग छायाचित्रांपाशी आले. तेथे यंत्र नुसते 'चित्र, चित्र, चित्र' म्हणत गेले. छायाचित्रात काय आहे ते शब्दांत लिहायची जागा टॅगमध्ये होती, पण मी ती रिकामी सोडली होती. "यात काय आहे ते लिही की. तू तर मराठीचा विद्यार्थी," असे म्हणून ते उठले.

चाळीसपैकी एकतीस छायाचित्रांची वर्णने लिहून झाली आहेत. नाटकातल्या पुठ्ठ्याच्या दाराचे छायाचित्र उरलेल्या नऊंत आहे.